धुळ्याचा कोरडा करंट

आबांचे कान गेले हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि सगळ्यांत शेवटी आबांना. मधल्या काळात मी जे काही केलं ते खरं कशासाठी, हे आजपर्यंत कुणापाशी बोललो नाही. मुळात मी कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा मीटर रीडिंग घेणारा बरा, तो निदान आकडा तरी सांगून जातो. पण पन्नाशी उलटल्यावर एकेक गोष्ट छातीवर येऊन बसते आणि उठता उठत नाही. ही त्यातली सर्वांत हास्यास्पद आहे, म्हणून आधी हीच लिहून टाकतो.

आमचं घर फैजपूरला, दोन खोल्यांचं. पुढची खोली आबांच्या लाउडस्पीकरची आणि मागची आमची, असा करार होता. पण वायरी करार मानत नसत. त्या दाराखालून मागे यायच्या, खाटेच्या पायांना वेटोळी घालायच्या, आणि आई त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत टाकायची. भिंतीवर खुंट्यांना भोंगे टांगलेले असायचे. त्यांच्यात हवा खेळती राहते म्हणून आई लसूण तिथे ठेवायची. एकदा सावद्याच्या लग्नात आबांनी भोंगा बांबूवर चढवला आणि मुलीच्या काकांच्या फेट्यावर लसणाचा गड्डा पडला. आबा वरूनच म्हणाले, "शुभ असतं." काकांनी तो गड्डा घरी नेला. आबांचं लोकांत वजनच तसं होतं. साऱ्या यावल-रावेर पट्ट्यात त्यांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी: आबांच्या मशीनवर आवाज फुटत नाही. जयंतीची मिरवणूक असो की लग्न, माईकवर बोलणारा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटायचं. आबा मूळचे धुळ्याकडचे, शिक्षण बेताचं, पण कानाच्या बाबतीत ते कुणाला ऐकायचे नाहीत.

रेकॉर्डी आल्या त्या भुसावळहून. रेल्वेतले एक म्हातारे गार्डसाहेब मुलीकडे परदेशात कायमचे निघाले होते आणि घरातलं सामान काढत होते. आबा त्यांचा रेकॉर्ड प्लेअर घ्यायला गेले, मला सोबत नेलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सिनेमाच्या रेकॉर्डी आमच्या आधीच कुणीतरी उचलल्या होत्या. मोठमोठ्या नावाच्या जॅझवाल्यांच्याही गेल्या होत्या. भुसावळला तेव्हा तशी दर्दी माणसं होती. उरली होती प्लायवुडची एक पेटी, जिच्यातल्या रेकॉर्डींवरच्या वादकांची नावं खुद्द गार्डसाहेबांनाही धड माहीत नव्हती. "ह्या पण घेऊन जा, नाहीतर बंबात जातील," ते म्हणाले. आम्ही एसटीच्या टपावर पेटी चढवली. कंडक्टरने विचारलं, काय आहे? आबा म्हणाले, "माहीत नाही. ऐकल्यावर सांगतो."

पहिली रेकॉर्ड लावली ती संध्याकाळी. आई मागे भरताची वांगी भाजत होती, सालं करपल्याचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला होता. पिन टेकली, आणि खोलीत कुणीतरी माणसाएवढं व्हायोलिन उभं धरून बोटांनी तारा ओढायला लागलं. मग एकाने ढोलकीवर काठीऐवजी केरसुणीसारखा ब्रश फिरवला. मग पियानोची पेटी. मग झांज. आबा पालथे पडून वायर जोडत होते ते उठून बसले. आई आतून म्हणाली, "कोण आलंय? चहा टाकू का?"

"चार माणसं आहेत," आबा म्हणाले. ते भिंतीकडे बोट दाखवत होते. "हा इथं उभा आहे. पेटीवाला तिकडे कोपऱ्यात. आणि झांजवाला भिंतीपासून दोन हात पुढे बसलाय, बघ. मिल्या, ह्याला म्हणतात आवाज."

संगीत म्हणून आबांना ते कधीच आवडलं नाही, हे सांगायला हवं. चाल कुठे चाललीय हे त्या चौघांनाही ठाऊक नाही, जत्रेत हरवलेल्या माणसांसारखे एकमेकांना हाका मारतात, असं त्यांचं मत होतं. पण आवाज! नावं परकी, म्हणून आम्ही रेकॉर्डींना कव्हरवरून ओळखायचो: कुत्र्याची, टोपीवाल्याची, हिरवी. हिरवीच्या कव्हरवर कोटातले चार जण एका बाकावर बसून काहीतरी खात होते. तिच्या पहिल्या बाजूच्या शेवटी सगळे थांबतात आणि झांज एकटी उरते. ती विरत विरत इतकी लांब जाते की, आबा म्हणायचे, पार भुसावळच्या आउटर सिग्नलपर्यंत. आबांनी तिथेच आपली परीक्षा ठरवली. कुठल्याही लग्नात मशीन मांडलं की आधी हिरवी लावायची. झांज शेवटपर्यंत ऐकू आली तर पिन, वायर, मशीन, बॉक्स सगळं ठीक. नाही आली तर दोष आहे, आणि तो सापडेपर्यंत नवरदेव घोड्यावर असला तरी आबा उठत नसत.

असं दोन-तीन हंगाम चाललं आणि गावोगावी त्याची रीतच होऊन गेली. हिरवी वाजली म्हणजे आता स्वयंपाक होत आला, असं पोरं समजायची. रावेरकडच्या एका केळीवाल्या नानांनी तर आपल्या धाकट्याच्या लग्नात दुसऱ्या कुणाचं मशीन आलं म्हणून तक्रार केली: "त्या माणसाने टेस्टिंगचं गाणंच नाही लावलं हो. डायरेक्ट सनई. लग्न लागल्यासारखं वाटेचना." सातपुड्याच्या पायथ्याची किती तरी जोडपी आज नातवंडांना खेळवत असतील, ज्यांच्या हळदीला परदेशातल्या चार अनोळखी माणसांनी जीव तोडून जॅझ वाजवलं होतं, आणि पाहुण्यांनी ते वरण-बट्टीची घंटा म्हणून ऐकलं होतं.

आणि मग एका सकाळी आबा म्हणाले, "झांज गेली."

त्यांनी पिन पुसली, मग बदलली. वायर कापून नवी जोडली. बॉक्स उघडून आतला कापूस पिंजला. पुन्हा लावली. मी शेजारीच उभा होतो. झांज नेहमीसारखी वाजली, लख्ख, आणि नेहमीसारखीच लांबवर निघून गेली. ती वाजत असतानाच आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. थांबली. तुला येते का?"

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. मी म्हणालो, "नाही आबा. घासली असेल."

दया आली म्हणून म्हणालो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दया होतीच. पण आबांचं पुढचं वाक्य काय असणार हेही मला बोलायच्या आधी माहीत होतं. ते म्हणाले, "मग दुसरी आणावी लागेल. रविवारी भुसावळला जाऊन ये." आणि मला तेच हवं होतं. आबांना जे नुसतं सामान वाटायचं, त्याने माझं डोकं तोवर फिरवलं होतं. कॉलेजात तास चालू असताना मी ते ब्रशचे फटकारे बाकाखाली बोटांनी वाजवायचो. आबांचे कान जात होते आणि मला रेकॉर्डी मिळत होत्या. एवढं साधं होतं ते.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्स, जळगावची भंगाराची दुकानं, वरणगावला बदलून आलेल्या कुणा साहेबांच्या घराबाहेरची रद्दी, सगळीकडे मी फिरलो. तिथे मला एक गोष्ट कळली. गाजलेल्या वादकांच्या रेकॉर्डी हातात यायच्या तेव्हा त्यांचा जीव गेलेला असायचा. पार्ट्यांमध्ये वाजून वाजून तळलेल्या पापडासारख्या कुरकुरायच्या. आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं त्यांच्या मात्र कोऱ्या. एखाद-दुसऱ्या वेळी लावून कंटाळून ठेवून दिलेल्या. त्यांतल्या काहींचा आवाज असा असायचा की पेटीवाल्याच्या खुर्चीची करकर ऐकू यावी. त्या रेकॉर्ड करणाऱ्याने बिचाऱ्याने मोठ्या खोलीत दोन-तीन माईक लावून जीव ओतला असणार, आणि पुढे तीस वर्षं त्या कुणी ऐकल्याच नाहीत. हल्ली रात्री झोप येत नाही तेव्हा मी मोबाइलवर जगभरच्या लोकांच्या चर्चा वाचतो: जुन्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या, पण उत्तम आवाजाच्या जॅझ रेकॉर्डी कोणत्या? एकदा कुणीतरी हिरवीचं कव्हर टाकलं होतं. खाली पाच-पंचवीस माणसांनी झांजेबद्दलच लिहिलं होतं. मी ते सगळं दोनदा वाचलं.

तर मी एकेक रेकॉर्ड आणायचो, आबा ती लावायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "चांगली आहे. पण झांज नाही." मी म्हणायचो, "नाही ना." झांज खोलीभर सांडत असायची. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं. आबांनी विचारलं की ती आतून ओरडायची, "मला काही ऐकू येत नाही बाई, भाकरी जळतेय माझी!" नंतर मला हळूच म्हणायची, "ह्या वेळची छान आहे रे, पाऊस पडल्यासारखी." शेजारचा टीव्ही मेकॅनिक, पोस्टमन, दूधवाला, जो कुणी दारात येईल त्याला आबा बसवून विचारायचे, आणि मी आबांच्या पाठीमागे उभा राहून मान हलवायचो. दूधवाल्याला तर इतकी सवय झाली की तो दारातूनच सांगायचा, "आजपण नाही येत हो आबा!" तेव्हा रेकॉर्ड लावलेलीही नसायची.

सगळ्याच रेकॉर्डी घासलेल्या कशा असतील? हा प्रश्न आबांना पडलाच. उत्तरही त्यांनीच काढलं. दोष करंटचा. आमच्या भागात मैलोन्‌मैल केळी, आणि केळीला बारमाही पाणी. "एवढे पंप ज्या तारेवर चालतात तिच्यातून कोरडा करंट कसा येईल? फैजपूरचा करंट ओला आहे. ओल्यात झांज बसते." लोडशेडिंग संपून लाइट आली की पहिली दहा-पंधरा मिनिटं करंट ताजा असतो, असंही त्यांचं ठरलं. लाइट येताच सगळी गल्ली गिरणीकडे पळायची आणि आबा रेकॉर्ड प्लेअरकडे. तुम्ही हसाल. पण त्याच मोबाइलवरच्या चर्चांत मी वाचलं आहे की मोठमोठ्या देशांत मोठमोठी माणसं करंट शुद्ध करायला यंत्रं बसवतात. ते वाचलं त्या रात्री मला उठून आबांना सांगावंसं वाटलं. आबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

धंद्यात मात्र हसण्यासारखं उरलं नाही. झांज येईना म्हणून आबा मशीनचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण थोडं थोडं उजवीकडे नेत गेले. भोंग्यांतून आवाज पत्रा कापल्यासारखा यायला लागला. आपल्याकडे नवरदेवाच्या कानात अत्तराचा फाया असतो. आबांच्या लग्नांत हळूहळू वऱ्हाडी मंडळीही फाये मागायला लागली. पुढे स्वयंपाकीही. आबा कौतुकाने म्हणायचे, "लोक हौशी झालेत आता." पुढच्या हंगामात निम्मी लग्नं दुसऱ्याकडे गेली. केळीवाले नाना समोरून येता येता गल्ली बदलून गेले. आबा रात्री जेवताना नुसतं म्हणाले, "करंटने वाट लावली माझी." आईने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीला ठेचा लावत राहिलो.

अशात धुळ्याच्या आत्याच्या मुलीचं, वंदनाचं लग्न ठरलं. आबांना केवढा आनंद! भाचीच्या लग्नाचा होताच, पण त्याहून करंटचा. "धुळ्याला केळी नाहीत, मिल्या. कोरडा करंट! तिथे झांज नाही आली तर मी हा धंदा सोडून देईन." ते असं बोलणारे नव्हते. झांज तिथेही येणार नव्हती, आणि धंदा सोडून आबांनी काय केलं असतं? खाटेवर बसून भोंग्यांतला लसूण मोजला असता.

खरं सांगायची ती वेळ होती. मी काय केलं? टेम्पोतून सामान उतरवल्या उतरवल्या सगळ्या नातेवाइकांना गाठलं आणि ह्या वेळी नेमकं उलटं शिकवलं: आबांनी विचारलं की, आवाज चांगला येतोय म्हणायचं. झांज येते म्हणायचं. काहीही झालं तरी आवाजाबद्दल तक्रार करायची नाही. "आबांचं मन मोडू नका," मी म्हणालो. आमचं गोत प्रेमळ. बठ्ठ्यांनी, म्हणजे झाडून सगळ्यांनी, शब्द दिला. फक्त आत्या राहिली, कारण ती सकाळपासून आचाऱ्याशी भांडत होती.

आबांनी हिरवी लावली, आणि सगळ्यांना विचारलं. चुलत्या, मावश्या, जावई, सगळे म्हणाले, वा, झांज काय झांज! आबा एकटेच कान लावून बसले होते. त्यांना काही येत नव्हतं, पण एवढी माणसं सांगताहेत म्हटल्यावर मान डोलवत म्हणाले, "येईल. करंट अजून पूर्ण उतरला नाही." आणि बटण शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलं.

मंडपात भंतेजींनी माईक हाती घेतला, पंचशील सुरू झालं, आणि माईकने शिट्टी धरली. साधीसुधी नाही. दाढेत शिरणारी. पलीकडच्या गल्लीतली कुत्री रडायला लागली. भंतेजी थांबले, माईककडे पाहिलं, पुन्हा सुरू झाले, शिट्टी पुन्हा. आबा मशीनशी शांत, प्रसन्न बसलेले. आणि आमच्या बाजूची यच्चयावत माणसं तितकीच शांत, प्रसन्न. शब्द दिला होता ना.

नवरदेव शिरपूरकडचे. त्यांचे मामा कान दाबून माझ्या चुलत्यांना म्हणाले, "अहो, ती शिट्टी बंद करा ना!"

चुलते म्हणाले, "कसली शिट्टी?"

"ही काय! कान फाटले!"

"आम्हाला तर काही ऐकू येत नाही. का हो?" चुलत्यांनी मावशीला विचारलं.

"छान येतोय आवाज," मावशी डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली.

मामांनी तिसऱ्याला विचारलं, चौथ्याला विचारलं. मग त्यांचा चेहरा बदलला. ते नवरदेवाच्या वडिलांच्या कानाशी लागले. तिथून कुजबुज पसरली. थोड्या वेळाने नवरदेवाची आई उठली, वंदनाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पारख घ्यायला अगदी हळू आवाजात म्हणाली, "पोरी, पदर पेटलाय तुझा." शिट्टीपुढे वंदनाला ते कसं ऐकू यावं? ती खाली मान घालून हसतमुख उभी.

"बहिरं खानदान आहे हो," मामा आता उघडच म्हणाले. "पोरगीपण. आम्हाला सांगितलं नाही तुम्ही. थांबवा हे."

मंडपात गलका झाला. आचाऱ्याला सोडून आत्या धावत आली, हातात झारा. काय झालं ते तिला तिघांनी तीन तऱ्हेने सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे, आणि भंतेजींच्या हातातला माईकच काढून घेतला. आत्याचा आवाज रेड्याचा, बोली अहिराणी. तिचं प्रत्येक अक्षर आबांना कायम ऐकू यायचं.

"भाऊ! तुना कान गयात! बठ्ठास्ले शिट्टी ऐकू ई राहिनी, तुलेच येत नही. मनी पोर बहिरी नही शे, हाई खानदान बहिरं नही शे. तू एकलाच शे! करंट चांगला शे, मशीन चांगलं शे, तुनी ती रेकॉर्डबी चांगली शे. कान गयात तुना, भाऊ!"

सहा भोंग्यांतून ते धुळेभर गेलं. आबांनी हात पुढे करून मशीन बंद केलं. शिट्टी गेली. मी जमिनीकडे बघत होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. फक्त आवाज ऐकला, एखाद्या लहान पोराचा असावा तसा.

"म्हणजे रेकॉर्ड चांगली शे?"

"चांगली शे रे," आत्या म्हणाली, आणि मग तीच रडायला लागली.

बाकीचं लग्न माईकशिवाय लागलं. वंदनाने मामांना स्वतः विचारलं, मामा, आता काय कुजबुजलात ते सांगू का? मामांनी हात जोडले. पंगती बसल्या. मी आबांपासून लांब बसलो, तरी ते ताट घेऊन माझ्या शेजारी आले. बट्टी कुस्करली, वरण ओतलं, तूप मागून घेतलं. मग ताटाकडे बघत म्हणाले, "हिरवी तू म्हणालास घासली. पहिल्या दिवसापासून येत होती तुला?"

"हो."

"आणि त्या कुत्र्याच्या, टोपीच्या, नंतर आणलेल्या साऱ्या?"

"साऱ्या, आबा."

"एवढ्या चांगल्या रेकॉर्डींना मी नावं ठेवली," ते म्हणाले. "तू ठेवू दिलीस." स्वतःबद्दल, धंद्याबद्दल, गल्ली बदलून जाणाऱ्या नानांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मला भुसावळला जायचं होतं, हे तोंडातून निघेना. ते आज इथे लिहितोय.

जेवणं आटोपली तेव्हा शिरपूरचे मामाच वरमून म्हणाले, "लावा हो काहीतरी. सुनं सुनं वाटतंय." मी वायरी गुंडाळायला लागलो होतो. आबा म्हणाले, "ठेव ते. इकडे ये." त्यांनी मशीनच्या डाव्या बाजूला चटई ओढली आणि मला उजवीकडे बसवलं. "बेस मला येतो. तो माझा. ट्रेबल तू धर. माझा हात तिकडे आला तर मार."

"आबा, मला नको. मी तुम्हाला इतके दिवस..."

"खोटारडा आहेस, ते समजलं. पण कान तुझेच आहेत. दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

त्यांनी हिरवी लावली. मी बटण डावीकडे आणत आणत नेमक्या जागी सोडलं. माणसाएवढं व्हायोलिन आलं तसं आबांनी डोळे मिटले. ते त्यांना पूर्ण येत होतं. मंडपातली कुणी माणसं कानातले फाये काढत होती. मग शेवट आला, तिघे थांबले, आबांनी डोळे उघडले. ते मशीनकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, मीटरच्या काट्याकडे बघावं तसं.

"आली?"

"आली."

"किती लांब गेली?"

मी काहीतरी सांगून टाकणार होतो. सवयच होती. मग मी तोंड मिटलं आणि हात वर केला. बोलणारे गप्प झाले, आचाऱ्याने भांडं खाली ठेवता ठेवता तसंच हातात धरलं.

"थांबा आबा," मी म्हणालो, "अजून जातेय."